शिक्का नको, विद्यार्थी पाठवा

प्रति,
सांगली जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि प्लेसमेंट अधिकारी,
विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांचे सदस्य,
जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र,
आणि आमच्याच वसाहतींतले कारखानदार, अडत दुकानदार, करसल्लागार

विषय : कार्यप्रशिक्षणाचे १२० तास कागदावर उरकण्याच्या पद्धतीबाबत

सप्रेम नमस्कार.

सत्र संपायला पंधरा दिवस उरले की कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या शेडमध्ये, मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत, करसल्लागारांच्या कार्यालयांत मुलं एक छापील कागद घेऊन येतात. त्यावर मजकूर तयार असतो : ‘वरील विद्यार्थ्याने आमच्या आस्थापनेत १२० तासांचे कार्यप्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे.’ खाली सही-शिक्क्यासाठी रिकामी चौकट. विद्यार्थी त्या आस्थापनेच्या दारात पहिल्यांदा येतो तो हा कागद घेऊन. आणि बहुतेक ठिकाणी शिक्का मिळतो. कोण कुणाचा भाचा असतो, कुणाच्या शेजारची मुलगी असते. तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं.

हे पत्र लिहिणारे आम्ही उत्पादन, तपासणी, हिशेब आणि प्रयोगशाळा या खात्यांत काम करतो. येत्या सत्रापासून हा शिक्का द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. नकाराचं कारण चारचौघांत सांगितलेलं बरं, म्हणून खुलं पत्र.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवीच्या तिसऱ्या वर्षी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी कार्यप्रशिक्षणाला ४ श्रेयांक ठेवले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणून १२० तास. आठ तासांच्या पाळीने बरोबर पंधरा दिवस. धोरणातल्या बाकीच्या गोष्टींवर मतं काहीही असोत, ही तरतूद आमच्या मते त्यातली सगळ्यात कामाची आहे. तिचीच आपण सगळ्यांनी मिळून रद्दी केली. ‘आपण’ म्हणतो, कारण शिक्का मारणारे हात आमचेच आहेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांचा भारतातल्या रोजगाराविषयीचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमधला बेकारीचा दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधला ३.४ टक्के. न शिकलेल्याला बेकार राहणं परवडत नाही, मिळेल ते काम धरावं लागतं, हे खरं. पण घरातलं द्राक्षाचं बिल, उसाचं बिल घालून शिकवलेला मुलगा तीन वर्षं अभ्यासिकेत आणि बायोडेटा वाटण्यात घालवतो, त्याचं उत्तर एवढ्यावर मिळत नाही. वसाहतीत याचं ठरलेलं उत्तर आहे : ‘पोरं नोकरीलायक नाहीत.’ हे वाक्य आळशी आहे. नेमकं काय येत नाही, ते कुठे शिकायचं राहिलं आणि किती दिवसांत शिकता येतं, एवढं कुणी सांगत नाही. आम्ही तेवढं सांगतो.

यांत्रिकी शाखेचा पदवीधर घ्या. व्हर्निअरचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. मायक्रोमीटर हातात दिला की आधी दोन्ही तोंडं पुसायची, मिटवून शून्य जुळतंय का बघायचं, शेवटचं आवळणं टोकाच्या सरकत्या खुंटीने, रॅचेटनेच करायचं, जॉबच्या, म्हणजे घडवलेल्या भागाच्या, कडेची बर (धारदार कुसळं) काढल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हे मात्र त्याच्या हाताला ठाऊक नसतं. त्याच्या पुढची चूक तापमानाची. मशीनवरून उतरलेला जॉब गरम असतो. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटरचं बोअर (आतलं गोल भोक) २० अंशांनी गरम असेल तर ते २३ मायक्रॉन मोठं दिसणार. ड्रॉइंगवर १०० एच७ लिहिलेलं आहे, म्हणजे १००.००० ते १००.०३५ चालेल. मुलगा गरम बोअर मोजतो, १००.०१५ भरतं, तो ‘ओके’ लिहितो. जेवणाच्या सुट्टीनंतर थंड झालेला तोच जॉब ९९.९९२ दाखवतो. मधल्या वेळात त्याच सेटिंगवर बाकीचे पीस निघून गेलेले असतात, सगळे लहान. हे सूत्र त्याने अकरावीच्या भौतिकशास्त्रात सोडवलेलं असतं आणि त्यात पैकीच्या पैकी मार्कही मिळवलेले असतात. सूत्र आणि हातातला कोमट जॉब यांची गाठ कुणी घालून दिली नाही, एवढंच.

ऑफसेटचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला हत्याराची झीज भरून काढायला दिलेल्या आकड्याचं, तसंच. सीएनसी टर्निंगला बाहेरचा व्यास ०.०४ ने मोठा आला तर वेअर ऑफसेटला उणे ०.०४ द्यायचं. चिन्ह विसरलं तर पुढचा पीस ०.०८ ने मोठा येतो. दशांश चिन्ह चुकून ०.४ पडलं तर तो पीस भंगारात. ड्रॉइंग वाचताना आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडे फर्स्ट अँगल (डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढायची) शिकवतात; अमेरिकी ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलने (नेमकं उलटं) येतं. कोणत्या पद्धतीचं आहे ते चौकटीतल्या छाटलेल्या शंकूच्या छोट्या चिन्हावरून कळतं. ते न बघता काम सुरू केलं की डाव्या बाजूचं भोक उजवीकडे पडतं, आणि सगळी मापं बरोबर असूनही जॉब फुकट जातो.

वाणिज्य शाखेचा पदवीधर सीजीएसटी, एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा कर) आणि आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर) यांच्या व्याख्या तोंडपाठ सांगतो. त्याला मिरजेहून कागवाडला जाणाऱ्या मालाचं बिल करायला द्या. कागवाड म्हणजे म्हैसाळच्या पलीकडे, बोलायला मराठीच, म्हणून तो सीजीएसटी आणि एसजीएसटी लावून मोकळा होतो. गाव बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात, आयजीएसटी लागतो. खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक बघितले असते तरी कळलं असतं : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. ई-वे बिलाचीही, म्हणजे वाहतुकीत मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचीही, मर्यादा त्या दोन अंकांबरोबर बदलते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. सत्तर हजारांचा माल मिरजेहून पार गडचिरोलीला ई-वे बिलाशिवाय जाईल, पण हाकेच्या अंतरावरच्या कागवाडला जाणार नाही. सीमाभागातल्या महाविद्यालयात हे उदाहरण पहिल्या तासाला यायला हवं.

महिन्याचं चक्रही त्याने कधी पाहिलेलं नसतं. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ तारखेला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचा तक्ता) तयार होतं, २० तारखेपर्यंत ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). मधल्या सहा दिवसांत खरेदीची बिलं २बीशी जुळवायची असतात. पुरवठादाराने आमच्या पंधरा अंक-अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकवलं असेल तर ते बिल २बीत दिसतच नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट अडकते, मग फोन, दुरुस्ती, पुढच्या महिन्याची वाट. खरं काम हे जुळवणीचं आहे, आणि त्यावर प्रश्नपत्रिकेत प्रश्न येत नाही. नोट्स तर वेगळाच विषय. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले; जुन्या प्रश्नपत्रिकांवरून केलेल्या गाइडांत ते अजून नांदत असतात.

एक्सेल सगळ्यांना ‘येतं’. बँकेतून उतरवलेल्या यादीतले आकडे अक्षरं म्हणून आलेले असतात आणि बेरीज शून्य येते, तेव्हा काय करायचं हे दहातल्या एकाला येतं. ०५-०४ ही ५ एप्रिल की ४ मे, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं, हेही बहुतेकांना पगारपत्रक चुकल्यावरच कळतं.

विज्ञान शाखेचं उदाहरण दुधाचं घेऊ, कारण आपल्या भागात रसायनशास्त्राच्या पदवीधराला दारातलं काम तेच. गर्बर पद्धतीने फॅट काढताना ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या काचेच्या नळीत) आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल, मग १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. दूध नळीच्या कडेने सावकाश सोडायचं. धार सरळ आम्लात पडली की तिथेच करपतं. आम्ल जास्त तीव्र असेल तर फॅटच्या थरात काळे ठिपके येतात, कमी तीव्र असेल तर न विरघळलेले पांढरे कण राहतात, आणि दोन्ही वेळेला वाचन चुकतं. याच्याही आधीची चूक म्हणजे कॅन न ढवळता वरचा नमुना घेणं. वरची साय येते, फॅट जास्त दिसतं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून जाहीर होतो, त्याच्या खाली-वर पैसे कापले किंवा वाढवले जातात. प्रयोगशाळेतल्या मुलाचा हात थरथरला तर कुणातरी शेतकऱ्याच्या दहा दिवसांच्या बिलात फरक पडतो. ‘प्रयोगात चुकलं तर पुन्हा करू’ ही सवय इथे चालत नाही.

कला शाखेबद्दल थोडक्यात. मिरजेच्या रुग्णालयांत विमा आणि सरकारी योजनांच्या खिडक्यांवर माणसं हवी असतात. आधारवरचं नाव एक, शिधापत्रिकेवरचं दुसरं, रुग्णालयाच्या कागदावर तिसरं. ही तफावत दाखल होतानाच पकडणारं आणि अर्ध्या पानात नीट मराठीत अर्ज लिहिणारं माणूस दुर्मीळ आहे. ज्या शाखेला आपण टाकाऊ समजतो तिच्यात ते मिळू शकतं. पण त्या मुलांना कार्यप्रशिक्षणासाठी कुठे पाठवायचं हेच बहुतेक ठिकाणी ठरलेलं नसतं, म्हणून शिक्क्यांची सगळ्यात मोठी रांग त्यांची.

यातली एकही गोष्ट शिकायला वर्ष लागत नाही. पंधरा दिवस पुरतात, खरेखुरे मिळाले तर. आता तक्रारी.

महाविद्यालयांकडे पहिली तक्रार वेळेची. सगळे विद्यार्थी एकाच महिन्यात सुटतात, तोही नेमका मार्च. वर्षअखेरीला हिशेबाच्या कार्यालयात कुणाला मान वर करायला फुरसत नसते; तेव्हा आलेल्या मुलाला कोपऱ्यात बसवून झेरॉक्स काढायला लावतात. वाणिज्यचा मुलगा कुठल्याही साध्या महिन्यात ४ ते २० तारखेला पाठवा. रविवार वगळता जवळपास पंधरा दिवस होतात आणि ११, १४, २० या तिन्ही तारखा त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाणारा गाळप चालू असताना गेला पाहिजे; मे महिन्यात तिथे ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) कशाचं मोजणार? हळदीच्या सौद्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाला असतो. शेतकऱ्याची पट्टी, वजन, हमाली, तोलाई हे सगळं तेव्हाच दिसतं. मशीन शॉपला वर्षभर चालेल, दिवाळीचा आठवडा सोडून.

दुसरी, आठवड्यातून चार तास ही पद्धत. कॉलेज सांभाळून दर शनिवारी अर्धा दिवस पाठवलं तर मुलगा दर वेळी पाहुणा म्हणून येतो. काल बिघडलेलं आज कसं दुरुस्त झालं हे त्याला कळत नाही. दिवस सलग हवेत.

तिसरी, मार्गदर्शक शिक्षकांची. कागदावर प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमलेला असतो. शेडमध्ये आलेले शिक्षक हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांच्यावरचा तासांचा, परीक्षांचा आणि मूल्यांकनाच्या फायलींचा बोजा आम्हाला दिसतो. पण फोनवरून ‘मुलगा येतोय ना?’ विचारणं म्हणजे भेट नव्हे.

चौथी, विम्याची. विद्यार्थ्याच्या बोटाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, याचं लेखी उत्तर मिळत नाही. कित्येक कारखानदार याच भीतीने मुलांना आत घेत नाहीत आणि शिक्का देऊन वाटेला लावतात. शिक्का हा त्यांना सुरक्षित मार्ग वाटतो. वर्गाच्या यादीवर सामूहिक अपघात विमा काढला की हा प्रश्न सुटतो, आणि हप्ता परीक्षा शुल्काच्या मानाने किरकोळ असतो.

आता आमच्याच लोकांकडे वळतो, कारण एकट्या महाविद्यालयांच्या डोक्यावर खापर फोडणं न्यायाचं नाही. कारखानदारांनो, नव्या मुलाच्या जाहिरातीत ‘अनुभव २ वर्षे’ का असतं? तो अनुभव घ्यायचा कुठे? शिकायला आलेल्याला पॅकिंगला उभा करायचं, झाडू हातात द्यायचा आणि वर ‘आजकालच्या पोरांना कष्ट नको’ म्हणायचं. नेमणूकपत्र द्यायचं नाही, जाहिरातीत पगाराचा आकडा टाकायचा नाही आणि मुलगा चाकणला गेला की नावं ठेवायची. चाकणचा मालक त्याला पहिल्या दिवशी कागद देतो, मुलाला तेवढं पुरतं.

ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि त्या मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरायची असतात, हे सोयीने विसरलं जातं. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. पदवीधर आणि पदविकाधारक ॲप्रेंटिसच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं, आणि अशा ॲप्रेंटिसला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होत नाही. इतकं असून छोटे कारखाने नोंदणी करत नाहीत. कारण पोर्टल, करारपत्र, बँक जोडणी यांत कुणी दोन तास सोबत बसत नाही. इथे कौशल्य विकास केंद्राचं काम आहे. मेळावा भरवून मंडपात बायोडेटा गोळा करण्यापेक्षा केंद्रातले दोन कर्मचारी महिन्यातून एक दिवस लॅपटॉप घेऊन कुपवाडच्या वसाहतीत बसले तर जास्त नोंदण्या होतील.

सरकारी योजनेतही हेच झालं. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये महिना, सहा महिने; नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढवली. पैसे मुलांच्या घरी पोचले, ते चांगलंच. पण ग्रामपंचायतीत आणि शासकीय कार्यालयांत बसवलेल्या पदवीधराने अकरा महिन्यांत नेमकं काय शिकायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मुदत संपल्यावर तीच मुलं कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलनाला बसली. शिकण्याचा आराखडा नसला की विद्यावेतनाला पगार समजलं जातं आणि त्यात चूक मुलांची नसते.

स्पर्धा परीक्षांबद्दल एक शब्द, कारण वसाहतीत त्यावर फार टवाळी चालते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले; खुल्या प्रवर्गाला अर्जाचं शुल्क १,००० रुपये होतं, राखीवला ९००. विश्रामबागच्या अभ्यासिकांत चार वर्षं काढून बाहेर पडलेल्या मुलाच्या बायोडेट्यात मुलाखत घ्यायला बसलेले लोक ‘गॅप’ असं लिहितात. तो मुलगा शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ लावू शकतो, रोज दहा तास एका जागी बसू शकतो, आकडेमोड वेगाने करतो. प्रदूषण मंडळाची विवरणपत्रं, कामगार कायद्याच्या नोंदवह्या, निविदा, ई-वे बिल यासाठी असा माणूस शोधूनही सापडत नाही. तो गॅप नव्हे. तुम्हाला वाचता आला नाही, एवढंच.

शिकणं आणि काम यांची ताटातूट या मातीत मुळात नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर कारखाना काढला, ती जागा आज आपल्याच पलूस तालुक्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू करण्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचं काम केलं होतं. ‘कमवा आणि शिका’ हे त्यांच्याकडे सक्तीच्या १२० तासांत बसवलेलं नव्हतं. सांगली जिल्ह्याचं १९४९ मधलं पहिलं नाव दक्षिण सातारा. म्हणजे हा वारसा शेजाऱ्याचा म्हणून टाळायचीही सोय आपल्याला नाही. आज आपल्या महाविद्यालयांच्या भिंतींवर कर्मवीरांची तसबीर असते आणि खालच्या कपाटात कोरी प्रमाणपत्रं.

मागण्या अशा :

विद्यार्थ्यांची यादी, शाखा आणि राहण्याचं गाव, किमान दोन महिने आधी पाठवा. वीस-पंचवीस माणसांचा कारखाना एका वेळी दोन विद्यार्थी नीट शिकवू शकतो, त्याहून जास्त नाही. शिकवणाऱ्या कारागिराचा रोज तासभर जातो. वर्षातून आठ तुकड्या घेतल्या तर एका कारखान्यात सोळा, आणि असे शंभर कारखाने तयार झाले तर सोळाशे विद्यार्थी. जागा आहेत, फक्त त्या वर्षभर पसरायला हव्यात.

विद्यार्थ्याला जनरल शिफ्ट द्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून येणाऱ्याला सकाळी सातच्या पाळीला पोचता येत नाही. एसटीचा विद्यार्थी पास गाव ते महाविद्यालय एवढाच असतो. वसाहतीपर्यंतचं भाडं कोण देणार हे कारखाना आणि महाविद्यालय यांनी आधी ठरवावं. ज्या शेडमध्ये मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही तिथे मुली पाठवू नका. आमच्यापैकी काही शेडमध्ये ते नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ते बांधेपर्यंत तसं लिहून कळवावं.

पंधरा दिवसांचा आराखडा शाखेनुसार ठरवा. मशीन शॉपसाठी आमचा असा आहे. पहिला दिवस सुरक्षितता आणि शेडची फेरी, कच्चा माल येतो तिथपासून गाडीत भरतात तिथपर्यंत. पुढचे तीन दिवस फक्त मापं : दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकाने तीनदा, नव्वद मापं लिहायची आणि फरक कुठून आला ते शोधायचं. दोन दिवस ड्रॉइंग. तीन दिवस मशीनपाशी, पहिल्या पीसची मंजुरी कशी होते ते बघत. बटणाला हात नाही. मग दोन दिवस रिजेक्शनच्या पेटीपाशी, प्रत्येक वाया गेलेल्या पिसावर कारणाची चिठ्ठी लावत. हे दोन दिवस सगळ्यात मोलाचे आहेत, कुणी कमी करू नयेत. एक दिवस स्टोअर आणि गेज, एक दिवस चलन-बिल-गेटपास, एक दिवस एका पिसाची किंमत काढण्यासाठी, आणि शेवटचा दिवस लिहिण्यासाठी.

डायरी रोज दोन ओळींची असावी : आज काय केलं, आज काय चुकलं. सही ज्याने शिकवलं त्या कारागिराची, मालकाची नव्हे. प्रमाणपत्राला गुण देऊ नका, डायरीवर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्या आणि ‘काय चुकलं’ या रकान्यावरच प्रश्न विचारा. खोटी डायरी दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते. शिक्षकांनी पंधरा दिवसांत दोनदा, न कळवता यावं. त्या दोन भेटी त्यांच्या कार्यभारात धरल्या जाव्यात, ही मागणी विद्यापीठाकडे आहे. अभ्यास मंडळांनी दर वर्षी एकदा, करांचे टप्पे आणि तारखा बदलल्या का एवढं तपासून घटक दुरुस्त करावा; त्यासाठी पूर्ण अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहू नये.

कौशल्य विकास केंद्राने कोणत्या आस्थापनेत कोणत्या महिन्यात किती जागा आहेत याची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावावी आणि ॲप्रेंटिस नोंदणीसाठी महिन्यातून एक दिवस वसाहतीत बसावं.

कारखानदारांनी विद्यार्थ्याला शिकवणाऱ्या माणसाचं नाव आधी लिहून द्यावं, नव्यांच्या जाहिरातीतून ‘अनुभव २ वर्षे’ काढावं, पगाराचा आकडा छापावा. आणि कोऱ्या प्रमाणपत्रावर शिक्का मारणं बंद करावं, भाचा असला तरी.

यादी आली की आम्ही तारखा कळवू. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने विम्याची प्रत, ओळखपत्र, शंभर पानी वही आणि पेन घेऊन सकाळी साडेआठला गेटवर यावं. ढगळ बाह्यांचा शर्ट नको, ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्यावेत, हातातलं कडं-अंगठी घरी ठेवावी. पायात बंद बूट हवेत. चप्पल घालून आलेल्याला वॉचमन आत सोडणार नाही, आणि त्याला आम्ही तसंच सांगून ठेवलं आहे.

आपले,
सांगली-मिरज-कुपवाड परिसरातील कारखाने, प्रयोगशाळा आणि हिशेब कार्यालयांत काम करणारे काही जण